मास्क खाली करा

"मास्क खाली करा," कॅशियर काचेआडून म्हणाला.

गल्लीत पांढऱ्या रंगाने आखलेल्या गोलात मावशी उभ्या होत्या. त्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला. कॅशियरने पडद्यावरचा फोटो पाहिला, तोंड पाहिलं, मान हलवली. मावशींनी मास्क वर घेतला आणि रोजच्यासारखं म्हणाल्या, "आता तुमचा."

साथ आल्यापासून पतसंस्थेचा हॉल बंद होता. मागच्या सामानाच्या खोलीला गल्लीकडे उघडणारी एक खिडकी होती. तिला काच बसवून, खाली नोटा सरकवायला फट ठेवून संस्थेने व्यवहार चालू ठेवला होता. अंथरुणाला खिळलेल्या सभासदांकडे शिपाई सायकलवरून पैसे पोचवायचा. अंगठ्याचं मशीन गुंडाळून ठेवलं होतं, कारण त्याला सगळ्यांचीच बोटं लागायची. त्याऐवजी सभासदाने गोलात उभं राहून क्षणभर तोंड दाखवायचं, असं ठरलं होतं.

कॅशियरने तोंड दाखवावं, असं कुणीच ठरवलं नव्हतं. ते या मावशींनी काढलं होतं. पैसे कुणाच्या हातात देतेय ते मला नको का कळायला, असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. वाद घालायचं त्राण कॅशियरमध्ये नव्हतं, आणि मध्ये काच होतीच. तेव्हापासून तो मुकाट्याने मास्क खाली करायचा. मावशी डोळे बारीक करून बघायच्या. जेवण झालं का, म्हणून विचारायच्या. तो झालं म्हणायचा.

मावशी रोज यायच्या. आज एक नोट भरायच्या, उद्या तीच काढून न्यायच्या. शिपाई म्हणायचा, मावशी नोटेला पाय मोकळे करायला आणतात. लोक उंबरा ओलांडायला भीत होते, त्या दिवसांत त्यांनी इथे नवं खातं उघडलं होतं, तेही गावाच्या दुसऱ्या टोकाहून चालत येऊन. घरी एकट्या असतील, करमत नसेल, असं कॅशियरला वाटायचं. त्याला ते समजत होतं. त्याच्याही घरी आता कुणी नव्हतं.

बायकोला रुग्णवाहिकेतून नेलं तेव्हा त्याला दारातच थांबवलं होतं. ती वळून बघत होती म्हणून तो हसला होता. वॉर्डात कुणालाच सोडत नव्हते. सुरुवातीला फोनवर बोलणं झालं. मग तिला बोलताना दम लागायला लागला, आणि मग फोनच बंद झाला. शेवटी त्याच्या हातात एक पिशवी आली. तीत तिचा चष्मा, कंगवा आणि तो फोन होता. शेवटच्या रात्री तिच्याजवळ कुणी होतं का, एवढंच त्याला विचारायचं होतं. दवाखान्यात फोन लावून लावून तो थकला. तिथली माणसंही थकलेली होती. कुणाला काही आठवत नव्हतं. मग तो कामावर परत आला, कारण घरी बसून करायचं काय, ते त्याला कळेना. दुपारी चहात दोन-चार बिस्किटं बुडवायचा. संध्याकाळी तेवढंही नाही. कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती.

आज सकाळी मॅनेजरने त्याला बोलावून घेतलं. गर्दी कमी करायची होती. यापुढे एका सभासदाने आठवड्यातून एकदाच यायचं. तुमच्या त्या मावशींना तुम्हीच सांगा, आमचं त्या ऐकून घेत नाहीत, असंही मॅनेजर म्हणाला होता. कॅशियरच्या अगदी जिवावर आलं होतं.

त्याने मास्क खाली केला. मावशींनी आज जरा जास्तच वेळ पाहिलं. जेवणाचं विचारलं. तो झालं म्हणाला, आणि त्याच दमात सांगून टाकलं, "मावशी, उद्यापासून रोज येऊ नका. आठवड्यातून एकदाच. नवा नियम आहे."

"नाही जमणार," मावशी म्हणाल्या.

मागच्या गोलातला दूधवाला चुळबुळ करू लागला. कॅशियर समजावत राहिला. करमत नसेल तर संस्थेत फोन करा, मी बोलत जाईन तुमच्याशी, असं तो म्हणाला. ते त्याने मनापासून म्हटलं.

"फोनवर मला काय दिसणार?"

"असं रोज बघायचं तरी काय असतं तुम्हाला?" कॅशियर वैतागला.

मावशी गोल सोडून थेट काचेपाशी आल्या. शिपायाने अडवायला हात वर केला आणि त्यांच्याकडे बघून खाली घेतला.

"दवाखान्यातून सुटले, तेव्हा हे खातं उघडलं मी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुमची बायको माझ्या शेजारच्या खाटेवर होती. शेवटच्या रात्री तिचा हात माझ्या हातात होता. तुम्ही कुठे बसता ते तिनेच सांगितलं."

नोट अर्धी फटीत आणि अर्धी कॅशियरच्या बोटांत राहिली. मास्क वर घ्यायचं त्याला सुचलं नाही.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तिनेच बजावलं होतं. म्हणाली, 'जेवले नाहीत की त्यांच्या तोंडावर लगेच दिसतं. मावशी, तुम्ही सुटलात तर तेवढं बघत जा. पण मी सांगितलंय हे त्यांना कळू देऊ नका. कळलं, तर नुसतं हसून दाखवतील.'"