नजर बॉलवर

"आन्या, बॉल गेला तर गेला! आधी कुंपण बघ!" संजय डेकवरून ओरडले.

"आजोबा, फेन्स इज नॉट मूव्हिंग!" नात हसत पुन्हा मागे धावली.

शेजारी बसलेली त्यांची मुलगी नेत्रा पीच चिरत होती. न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरमधला साधा शनिवार. वडिलांचा हा शेवटचा शनिवार, हे कुणाच्या मनातही नव्हतं.

"ईशानलाही हेच शिकवायला हवं होतं मी," ते पुटपुटले.

ईशान, नेत्राचा धाकटा भाऊ, सहा वर्षं बेसबॉलच्या मायनर लीगमध्ये, मैदानाच्या भिंतीकडचा आउटफील्डर म्हणून खेळला. सगळ्यात वरच्या मेजर लीगमधून बोलावणं येणार, अशी कुजबुज सुरू झाली आणि त्याच आठवड्यात उंच उडालेल्या बॉलमागे धावताना तो भिंतीवर आदळला. गुडघा गेला, खेळ संपला. आता तो तिकडे जॉर्जियात, अल्फारेटाला विमा विकतो.

संजय तरुणपणी नागपूरला क्रिकेट खेळलेले. मुलाला त्यांनी एकच गोष्ट घोटून शिकवली होती: नजर बॉलवरून हलवायची नाही.

"आमच्या मैदानाला दोरी असायची गं. भिंत माझ्या डोक्यातच आली नाही."

"बाबा, अकरा वर्षं झाली."

"हॉस्पिटलमध्ये डोळे उघडल्या उघडल्या काय म्हणाला? 'बाबा, मी शेवटपर्यंत बॉलच बघत होतो.' मला बरं वाटावं म्हणून!" संजय तिच्याकडे वळले. "तू तर भिंतीला लागूनच बसली होतीस. खरंच एकदाही मान वळवली नाही त्याने?"

नेत्राने एक फोड त्यांच्यापुढे धरली. "ऊन डोळ्यांवर येत होतं, बाबा. खा, गोड आहे."

"अगदी आईवर गेलीस. विषय बदलायचा, की फळ पुढे!"

रविवारी सकाळी ते उठलेच नाहीत.

फ्यूनरल होममध्ये ईशान लंगडत आत आला, वडिलांच्या पायांशी बराच वेळ उभा राहिला. मग नेत्राच्या चेहऱ्याकडे बघून हळूच म्हणाला, "ताई, राहू दे आता. प्लीज."

"तू बाहेर थांब जरा."

दार लागलं. नेत्राने वडिलांचा थंडगार हात हातात घेतला.

"बाबा, त्याने तुमचं ऐकलं नव्हतं. मी फोन धरून हाक मारली, फोटोसाठी. आणि त्याने माझ्याकडे बघितलं."