तालायची चाल

"छान आहे," अपा म्हणाली. "पण हा कोण?"

सेझिमने लॅपटॉप आईकडे आणखी वळवला. आठ सेकंदांची चित्रफीत पुन्हा सुरू झाली. बर्फातून एक तरुण चालत येत होता. निळी लोकरी टोपी, खिशात हात, मागे बिश्केकच्या चौमजली इमारती.

"कोण म्हणजे? तालाय बैके आहे, अपा. टोपी बघ ना दादाची."

"टोपी त्याचीच आहे. पोरगा दुसऱ्या कुणाचा तरी आहे." अपा पिठाचे हात झटकत स्वयंपाकघराकडे वळली. गुरुवार होता. गेलेल्या माणसांसाठी बोर्सोक, म्हणजे पिठाचे फुगीर तुकडे, तळायचा वार.

सेझिमने चित्रफीत थांबवली. कॉलेजात ॲनिमेशनची फिल्म द्यायला नऊ दिवस उरले होते. तालाय मिनीबस घेऊन घाटात गेला आणि परत आला नाही, त्याला हा दुसरा हिवाळा. फिल्म त्याच्यावरच होती. घरं, झाडं, बर्फ तिने कॉम्प्युटरवर केलं होतं. भाऊ मात्र कागदावर, पेन्सिलीने. एका सेकंदाला बारा चित्रं. हात भरून आला तेव्हा वर्गातल्या कुणीतरी सुचवलं, पावलागणिक दोनच चित्रं काढ, मधली कॉम्प्युटर भरून देईल. त्याने भरून दिली. गुळगुळीत, सरळ. लंगडणं पार पुसून टाकून.

नवव्या वर्षी घोड्यावरून पडल्यापासून तालायचा डावा पाय आखूड होता.

"थांब ना, अपा. हे बघ." तिने हाताने काढलेल्या चित्रांचा गठ्ठा उचलला आणि अंगठ्याखालून भराभर पानं सोडली. कागदावरचा माणूस पाय ओढत चार पावलं चालला.

अपाने दारातूनच पाहिलं. "हा तर पेन्शन आणायला निघालेला म्हातारा. काठी तेवढी द्यायची राहिली."

"मग फोनमधलं काहीतरी दे! त्याचा एक तरी व्हिडिओ दे!"

"कुठून देऊ? चालताना कधी काढू दिलं का त्याने?"

खरं होतं. फोनमधला तालाय गाडीच्या चाकामागे बसलेला असायचा, नाहीतर कुणाच्या तरी लग्नात भिंतीला टेकून उभा. कुणी फोन रोखला की तो जागच्या जागी थांबायचा.

"तू बहीण ना त्याची?" अपा म्हणाली. "चार वर्षं दोघं एका शाळेत जात होतात. डोळे मिटून काढता यायला हवं तुला."

सेझिमने गठ्ठा खाली ठेवला.

"मी पुढे चालायचे."

"काय?"

"मी पुढे चालायचे, अपा. वीसेक पावलं. मुली हसतील म्हणून. तो मागून यायचा. मी वळून बघायचेच नाही."

कढईतलं तेल धुरकटायला लागलं होतं. अपा आत गेली, गॅस बंद केला. परत आली तेव्हा सेझिमला वाटलं, आता ही बोलेल. पण अपाने बुटकं टेबल बाजूला सरकवलं, सपाता काढल्या आणि समोरच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

"काढ."

तिने डावं पाऊल टाकलं. टाच टेकलीच नाही. अंग एका बाजूला कललं, उजवा खांदा वर आला आणि उजवा पाय घाईघाईने पुढे पडला. पन्नाशी ओलांडलेली, गुडघ्यांनी बेजार झालेली बाई गालिच्यावरून सव्वीस वर्षांच्या मुलासारखी चालत होती. हनुवटी किंचित वर, ओठ शीळ घालायच्या बेतात.

"तुला कसं गं...?"

"खिडकीतून बघायचे ना रोज. तू पुढे, तो मागे."

"मग मला कधी बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. त्यानेच बोलू दिलं नाही. म्हणाला, जाऊ दे तिला पुढे." अपाने गुडघा चोळला. "काढतेस ना? हे पाय काही रोज माझं ऐकायचे नाहीत."

सेझिम काढू लागली. अपा दारापर्यंत गेली, परतली, पुन्हा गेली. कागद भरत गेले. पाचव्या फेरीला ती दारापाशी थांबली, पाठमोरी.

सेझिमने नवा कागद घेतला. "हं. आता पुढे कसा जायचा?"

अपाने दाराच्या चौकटीवर हात टेकला.

"पुढे गॅरेजचा कोपरा," ती म्हणाली. "तिथून पुढे मला खिडकीतून दिसायचा नाही."