मेमरीची पट्टी

थोरलीने कॉम्प्युटरचा बाजूचा पत्रा काढला आणि धुळीचा लोट थेट तिच्या नाकातोंडात गेला. मशीन म्हातारं झालं होतं. दर रविवारी धाकटीचा व्हिडिओ कॉल आला की ऐन गप्पांत ते ठप्प व्हायचं. ना चित्र हलायचं, ना आवाज यायचा. म्हणून धाकटीने सातासमुद्रापलीकडून जादा मेमरी मागवून घरपोच केली होती. केवढं ते कौतुक! बसवायची कोणी? अर्थात थोरलीने.

"नीट बसव हं," वडील मागून म्हणाले. "तिचा कॉल येईलच आता."

त्यांनी दाढी केली होती. इस्त्रीचा शर्ट घातला होता, चापून भांग पाडला होता. ते पाहून थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. आठवडाभर तिच्या वाट्याला काय यायचं? मळका बनियन, वाढलेले खुंट आणि सतत कुरकुर. पाठ चोळ, चहा गार झाला, खिडकी लाव. औषधं तिने द्यायची, रात्री-अपरात्री तिने उठायचं, आणि हे हसणार धाकटीशी!

मेमरीची पट्टी तिने खाचेत धरली. जराशी तिरकी ठेवली असती तर मशीन सुरूच झालं नसतं. रविवार बुडाला असता. मोह झाला तिला, खोटं कशाला सांगा? पण मग धाकटीने विचारलं असतं, 'ताई, तुला एवढंही जमलं नाही?' ते काही तिला सोसलं नसतं. तिने दोन्ही अंगठ्यांनी जोर दिला. खटकन आवाज झाला आणि पट्टी बसली.

मशीन असं काही पळायला लागलं की विचारू नका. धाकटी पडद्यावर लख्ख दिसली. वडील ताठ बसले. जावयाची चौकशी केली, शेजाऱ्याची नक्कल करून दाखवली.

"बाबा, तुम्ही तर दिवसेंदिवस तरुण होत चाललात!" धाकटी म्हणाली.

थोरली दाराशी उभी राहून ऐकत होती. तिचा नुसता जळफळाट चालला होता. मेलं एकदाही अडकलं नाही.

कॉल संपला. वडिलांनी खुर्चीत अंग टाकलं आणि खोकल्याची अशी उबळ आली की थांबेचना. थोरली धावली. पाठीवरून हात फिरवला, पाणी पाजलं. बऱ्याच वेळाने त्यांचा श्वास जागेवर आला.

"ती पट्टी काढून टाकता येईल का गं?" त्यांनी विचारलं.

"का? चांगल्या रंगल्या होत्या की गप्पा!" ती फणकारली.

"तेच तर. पूर्वी मशीन अडकलं की तेवढ्यात मला खोकून घेता यायचं. आता सलग ठणठणीत राहायचं म्हणजे जीव जातो. पोरगी लांब आहे, तिला कशाला घोर? म्हणून सोंग करतो झालं." ते डोळे मिटून तिच्या हातावर रेलले. "आजारी पडायला हक्काचं माणूस मला तू एकटीच आहेस."