कुंकवाखालचा नंबर

"ग्राइंडर खाली ठेवा मिस्त्री!" बिभीषण जवळजवळ ओरडलाच.

गुरुबसप्पाने ग्राइंडर अजून चालूही केला नव्हता, नुसता हातात धरला होता. पण हे टेंभुर्णीचं गिऱ्हाईक सकाळपासून त्या जुन्या जीपभोवती अशा येरझाऱ्या घालत होतं, जणू घरातलंच माणूस ऑपरेशनला आत नेलंय.

"अहो, मी काय काल धंद्याला लागलो?" गुरुबसप्पा म्हणाला. "चेसिसचा नंबर गेला की गाडी गेली. आरटीओवाले दारात उभं करत न्हाईत. सरळ भंगारात. ठाऊक हाय की मला."

"म्हणूनच म्हणतो. बाकी काय बी कापा, नंबर तेवढा वाचवा."

भवानी पेठेतल्या त्या गॅरेजात जीपचा नुसता सांगाडा उरला होता. बॉडी उतरवलेली, इंजिन बाजूला, आणि चेसिसला हात लावावा तिथे गंजाचे पापुद्रे. बिभीषणचा बाप जोतीराम आयुष्यभर हिच्यावर वडाप करायचा. माणसं कोंबायची आणि गावोगाव पोचवायची. गेल्या साली तो गेला. जाण्याआधी पोराला जवळ बसवून त्याने या जीपचं सगळं सांगितलं आणि तिला नीट करायचा शब्द घेतला. नंबर सापडला नाही तर तो शब्द वाया जाणार होता.

"कागद तरी हायत न्हवं?" गुरुबसप्पाने विचारलं.

"हायत. म्हातारीनं पेटीत जपून ठिवलेत."

"आणि नंबरची पाटी?"

"काढून टाकली. नवीच लावायची."

बॉनेटखालची पितळी पट्टी कधीच गळून पडली होती. आता भरवसा होता तो चेसिसवर ठोकलेल्या आकड्यांचा. गुरुबसप्पा कंबर धरत खाली बसला आणि पुढच्या उजव्या चाकाच्या आत त्याने बॅटरी मारली. नंबर असायचा त्या जागी बोटभर जाडीचा काळा थर होता. त्याला वाटलं, चिखल असेल. नखाने खरवडलं तर नख लाल झालं.

"अय्यो! हे तर कुंकू!"

"दसऱ्याला बाप तितंच लावायचा," बिभीषण म्हणाला. "लोक बॉनेटला हळद-कुंकू लावत्यात. ह्यो चाकामागं हात घालून लावायचा, वर तेल चोपडायचा. आमी पोरं लई हसायचो."

गुरुबसप्पाने मान डोलावली. तऱ्हेवाईक मालक त्याने पुष्कळ पाहिले होते, पण देवाची ही जागा त्यालाही नवी होती. त्याने ग्राइंडर लांब सारला, वायर ब्रशही नको म्हणाला. फडकं डिझेलात भिजवून थरावर दाबून धरलं आणि बांबूच्या काडीने हळूहळू कोरायला लागला. थर खपल्यांनी सुटत गेला. बिभीषणला बघवेना. तो दाराकडे जायचा आणि लगेच परत यायचा.

"या हिकडं," अखेर गुरुबसप्पाने हाक मारली.

चौफेर गंजाने खाल्लेल्या लोखंडात तेवढाच तळहाताएवढा तुकडा स्वच्छ होता. गुरुबसप्पाने त्यावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून घासली. एकेक अक्षर, एकेक आकडा कागदावर उमटत गेला. एकही झिजला नव्हता.

बिभीषणचा जीव भांड्यात पडला. तो पडलेल्या टायरवर बसला आणि लाज सोडून रडला. गुरुबसप्पालाही इतकं बरं वाटलं, की त्याने आपण होऊन चहा सांगितला, आणि तो सहसा कुणाला चहा सांगत नसे.

"वडलांनीच राखला बघा," तो म्हणाला. "गाडीवर लई जीव असणार त्यांचा."

"गाडीवर न्हाई मिस्त्री. ह्या नंबरात जीव अडकलावता."

"आता एकदा गाडी तुमच्या नावावर करून घ्या."

"त्याची गरज न्हाई."

झालेली असेल आधीच, असं समजून गुरुबसप्पाने विषय सोडला. "मग कागदाशी ताडून तरी घ्या. उगं धाकधूक नको."

बिभीषणने फोन लावला. घासलेला कागद उजेडाकडे धरून त्याने नंबर वाचला, थांबत थांबत, दोनदा. पलीकडे म्हातारी कुणाकडून तरी कागद वाचून घेत होती. गुरुबसप्पाचा चहा हातातच राहिला. मग फोनमधून म्हातारीचं रडणं आणि हसणं एकदमच ऐकू आलं.

"जुळला?" त्याने विचारलं.

बिभीषणने मान हलवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा मोकळा दिसत होता.

"व्हय शिवबाई मावशी," तो फोनवर म्हणाला, "माझ्या बापानं तुमच्या दारातनं चोरून नेलेली ती हीच. रंग वाळला की तितंच आणून लावतो."