हातपंखा

दुपारी दोनला ऑफिसात मुलाच्या मोबाइलवर संदेश आला: ‘घरात कोणी नाही. एसी बंद केला आहे.’ वीज वाचावी म्हणून भिंतीवर बसवलेलं यंत्र महिन्यापूर्वीही असंच म्हणालं होतं. तेव्हा घरी एकटी असलेली त्याची आई फोनवर कडाडली, “मग मी कोण? भूत?” मेकॅनिकने खुलासा केला, “आजी खुर्चीत हलतच नाहीत. हालचाल दिसली नाही, की यंत्राला घर रिकामं वाटतं.” तेव्हापासून आई अधूनमधून यंत्राला हातपंखा हलवून दाखवायची, “आहे रे बाबा, अजून आहे मी!” आज ती फोन उचलेना. गुडघ्यांमुळे एकटी जिना उतरत नाही. त्याने शेजारणीला फोन लावला; तिने बोलतच तिच्याकडच्या किल्लीने दार उघडलं. “भाऊ, खुर्ची रिकामी आहे. सगळ्या खोल्या पाहिल्या.” यंत्र आज खरं बोललं होतं. मुलाने विचारलं, “हातपंखा?” “तोही नाही.” “आणि चपला?” शेजारीण दाराकडे वळली. “चपला दारातच आहेत.”