काकूचा पाय

"पुन्हा एकदा," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि मामा घोडीला घेऊन फरसबंदीच्या त्या टोकाला निघाले.

सकाळपासूनची ही पाचवी खेप. डॉक्टरबाई उकिडव्या बसून घोडीचे खूर निरखत होत्या. त्यांची कंबर केव्हाच बोंबलायला लागली होती. तीस वर्षं जनावरांच्या पायांत डोकं घातल्यावर बिचारी कंबर दुसरं काय करणार? डोळे मात्र शाबूत होते आणि ते एकच सांगत होते, घोडी लंगडते. दर दुसऱ्या पावलाला तिची मान खाली झुकत होती. पुढचा एक पाय दुखत असला की घोडं सगळा भार दुसऱ्यावर टाकतं, आणि त्या पावलाला मान अशीच झुकते.

घोडीचं कागदावरचं नाव चांगलं लांबलचक होतं. तबेल्यात सगळे तिला काकू म्हणत, कारण पाठीवर घाबरट मूल बसलं की ती फार बेतानं पाऊल टाकायची. मामा तिचे मोतद्दार. बारा वर्षं तिचं खाणंपिणं, खरारा, आजारपण, सगळं तेच बघत आले होते. मामांची ती मामी व्हायची, काकू कशी झाली, हा घोडेस्वारी शिकायला येणाऱ्या मुलांचा ठरलेला विनोद होता. गेल्या दोन महिन्यांत तो कुणी केला नव्हता.

उपाय करायचे राहिले नव्हते. नालबंदाने चारही नाल उतरवले, खूर तासले, मोठ्या चिमट्याने दाबून पाहिले. आत गळू नाही, खिळा लागलेला नाही. मग नडगीमागचं टेंडन दुखावलं असेल असं वाटलं. सोनोग्राफीत ते अगदी ठणठणीत निघालं. तरी घोडीला ठाणबंद ठेवलं, पाठीवर कुणाला बसू दिलं नाही, रोज गार पाण्याच्या धारा दिल्या. काल तर पाय बधिर करायचं इंजेक्शन दिलं. दुखणं पायात असेल तर जनावर तेवढ्यापुरतं सरळ चालतं. काकू लंगडतच राहिली, आणि डॉक्टरबाईंनी हात टेकले.

मामा परत आले. दोर तोंडाजवळ अगदी आखूड धरलेला. कपाळावरून घामाच्या धारा.

"मामा, बसा जरा. केवढी धाप लागलीय."

"बसलं की उठवत नाही, बाई." मामा घोडीच्या मानेवर हात टाकून उभेच राहिले. "तीही दमली, मीही दमलो."

"मग दुसऱ्या कुणाला धरू द्या की तिला. या वयात तुम्ही किती पळणार?"

"छे छे," मामा घाईने म्हणाले. "माझ्याशिवाय कुणी धरलं की बिथरते ती. मी आहे ना. अजून एकदा पळवू?"

"काय उपयोग?" डॉक्टरबाई म्हणाल्या. एवढं शिकून एका घोडीचा पाय आपल्याला कळू नये, याची त्यांना लाज वाटत होती आणि रडूही येत होतं.

तेवढ्यात मालक कचेरीतून बाहेर आले. माणूस वाईट नव्हता. घोडेस्वारीची ही शाळा चालवता चालवता पार पिचून गेला होता, इतकंच.

"डॉक्टर, ट्रक येतोय," ते म्हणाले. "तुमच्या शब्दाखातर दोन महिने थांबलो. आता नाही जमायचं."

"कुठे पाठवताय तिला?"

मालकांनी नजर फाटकाकडे वळवली. त्या ट्रकमधून गेलेलं जनावर परत येत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"माझाही नाइलाज आहे हो," मालक म्हणाले. "ज्याच्याने पळवत नाही त्याला इथे ठेवून घेणं मला झेपत नाही. गेल्या वर्षी पाठ धरली म्हणून इतका जुना पहारेकरी घरी बसवला. तो काय मला नकोसा झाला होता? मामा, तुम्हाला दुसरं घोडं देतो. चांगलं तरणं."

मामांनी दोर आणखी आखूड धरला.

ट्रक फाटकातून आत आला आणि मागची फळी खाली पडली. मामांनी घोडीच्या कानाशी तोंड नेलं. बराच वेळ ते तिच्याशी काहीतरी बोलत होते. मग तिला तबेल्याच्या दारापाशी आणून त्यांनी डॉक्टरबाईंना खुणेने बोलावलं आणि दोर पुढे केला.

"बाई, ट्रकपर्यंत तुम्ही न्या तिला."

"मी? अहो, ती बिथरते ना?"

"नाही बिथरत." मामांनी मान खाली घातली. "कधीच बिथरत नव्हती. दोर सैल धरा आणि पळवत न्या. मालकांच्या डोळ्यांसमोरून."

डॉक्टरबाईंना काही समजेना. पण मामांचा चेहरा बघून त्यांनी दोर घेतला, सैल सोडला आणि कंबर सांभाळत पळायला लागल्या. काकू शेजारून दुडकीवर आली. फरशीवर चारही खुरांचे ठोके सारखे पडत होते. ट्रकपाशी दोघी वळल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. काकूची मान एकदाही झुकली नाही.

"अहो डॉक्टर!" मालक ओरडले. "ही तर सरळ चालतेय! काही झालेलंच नाही हिला! मग इतके दिवस लंगडत का होती?"

डॉक्टरबाईंनी वळून पाहिलं. मामा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. घोडीचा दोर हातात नसलेले मामा चालताना या दोन महिन्यांत आपण पाहिलेलेच नाहीत, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. दर दुसऱ्या पावलाला त्या आखूड दोरावर कुणाचा भार पडत होता, हेही. मामांनी चौकट सोडली आणि सगळ्यांच्या देखत, मालकांपर्यंतची सगळी फरसबंदी लंगडत लंगडत पार केली.