अ‍ॅम्प्लिफायरला जागा

“इथी नाई बसत,” बाबूभाईंनी डॅशबोर्डखालून डोकं बाहेर काढलं. “गिअर टाकताना तुहा गुडघा फुटन.”

आदेश अ‍ॅम्प्लिफायर पोटाशी धरून जीपजवळ उभा होता. दोन विटा जोडाव्यात तेवढा लांब आणि तेवढाच जड. थेट नागपूरहून आणलेला. बाबूभाईंचं वडशाच्या स्टँडमागे रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी ट्रॅक्टरवर टेप बसवले होते, एकदा तर चक्कीवरही बसवला होता. पण या जीपपुढे ते सकाळपासून हात टेकत होते. ड्रायव्हरच्या सीटखाली जॅक आणि पाने. छताला टांगावा तर सवाऱ्यांची डोकी. मागच्या फळीला लावावा तर फळीच दोरीने बांधलेली.

“काईबी करा बाबूभाई, पण आजच लावा,” आदेश म्हणाला. “लच्छूनं मले खाऊन टाकलं.”

ते खरं होतं. दिवाळीत लच्छूने आपल्या जीपमध्ये मोठा डेक बसवला. तेव्हापासून कुरखेडा-वडसा रस्त्यावर जीपच्या आधी त्याचं गाणं गावात शिरायचं, आणि सवाऱ्या तिकडे धावायच्या. आदेश “वडसा, वडसा, वडसा” ओरडून घसा बसवून घ्यायचा आणि अर्धी रिकामी जीप घेऊन निघायचा.

बाबूभाई जीपच्या मागच्या भागात शिरले. तिथे समोरासमोर दोन बाकं होती. मधल्या पत्र्यावर त्यांनी टिचकी मारली.

“इथी लावतो. वरून लोखंडी जाळी ठोकून देतो. कोणाचा पाय पडला तरी टेन्शन नाई.”

“तिथी सुकरीबाईची टोपली राह्यते.”

“मग तूच ठरव. टोपली का गाना?”

आदेशने डोळे मिटले आणि गाणं ठरवलं.

सुकरीबाई रोज पहिल्या ट्रिपला वांगी आणि वालाच्या शेंगा घेऊन वडशाच्या बाजाराला जायच्या. आदेशच्या बापाची बैलगाडी होती तेव्हाही त्या तिच्यातूनच जायच्या. त्यामुळे त्यांना उलट बोलायची आदेशची छाती नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांना टोपली मांडीवर घेऊन बसावं लागलं. वरून गाणं सुरू झालं.

“बंद कर रे ते! कानात वरात घुसून राह्यली!”

आदेशने आवाज कमी केला. तिसऱ्या दिवशी त्या कानात कापूस घालून आल्या. चौथ्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, “उद्यापासून मी लच्छूच्या जीपनं जातो. त्याच्याकडे टोपलीले तरी जागा हाये.”

आदेशला जेवण गेलं नाही. लच्छूच्या सवाऱ्या ओढायला गेलो आणि घरची सवारी घालवून बसलो, असं त्याला झालं.

त्याच आठवड्यात पौषातली थंडी पडली. सकाळी भाताच्या बांध्यांवर धुकं बसायचं, जीपची ताडपत्री फडफडायची आणि वारा सरळ हाडांत शिरायचा. सुकरीबाई लच्छूकडे गेल्याच नाहीत. त्या आल्या, मुकाट आत बसल्या. थोड्या वेळाने मागून आवाज आला.

“आदेश, जरा वाढव रे.”

जीप बांधीत जाता जाता राहिली.

मग ते गावोगाव पसरलं. पहाटे लोक आदेशच्या जीपची वाट बघत रस्त्यावर उभे राहू लागले. लच्छूची जीप हात न दाखवताही थांबायची, तरी तिच्यात कुणी चढेना. आदेशच्या शेजारच्या सीटसाठी पूर्वी भांडणं व्हायची. आता ती रिकामी असायची आणि मागच्या बाकांवर दहा-दहा माणसं कोंबलेली. आरशात आदेशला त्यांचे चेहरे दिसायचे. डोळे मिटलेले, माना डुलणाऱ्या, जणू भजनाला बसले आहेत.

“लोकांले गाण्याची समज हाये, बाबूभाई,” तो दुकानात सांगून आला. “फक्त लावणारा पाह्यजे.”

एक दिवस लच्छू स्वतः आला. “कोनती कॅसेट लावतं बे?” त्याने पडलेल्या आवाजात विचारलं.

“ते कॅसेटवर नसते,” आदेश म्हणाला. “आवड लागते.” आणि त्या दिवसापासून तो कॅसेटी बिस्किटाच्या डब्यात कुलूप लावून ठेवू लागला.

एका सोमवारी अर्ध्या रस्त्यात टेपने कॅसेट गिळली. गाणं घरघरलं आणि बंद पडलं. आदेश घाबरला नाही. हळूहळू जीप हाकत राहिला. मागे पाच मिनिटं शांतता होती. मग एकदम कल्ला झाला.

“काऊन बंद केलं रे?”

“अरे लाव ना!”

“अशानं कसं होईन?”

आदेशचे डोळे भरून आले. त्याने जीप कडेला घेतली, बिस्किटाच्या डब्याचं कुलूप काढलं, सगळ्या कॅसेटी हातात घेतल्या आणि मागे जाऊन ताडपत्री वर केली. आज सवाऱ्यांनाच निवडू द्यायचं, असं त्याच्या मनात होतं.

चपलांचा एका कोपऱ्यात ढीग पडला होता. दोन्ही बाकांवरची सगळी माणसं पुढे सरकून बसली होती आणि त्यांची उघडी पावलं शेकोटीभोवती असावीत तशी अ‍ॅम्प्लिफायरच्या जाळीवर दाटीवाटीने टेकली होती. एका मास्तरांनी तर मोजेही काढले होते. सुकरीबाईंची टोपली त्यांच्याच मांडीवर होती. आदेशने पावलांमधून हात घालून जाळीला लावला. नुकत्याच विझलेल्या चुलीसारखी ती कोमट होती.

त्याने हात बाहेर काढला आणि कॅसेटी पुढे धरल्या.

“कोणतं गाणं लावू, सुकरीबाई?” त्याने कसंबसं विचारलं.

“कोनतंबी लाव रे, पण जोरात लाव,” सुकरीबाई म्हणाल्या. “पाय गारठून राह्यले.”